कुणी कुणाला झाकत नाही

नेरूळच्या दवाखान्यात मी छातीवर तारा लावते.
सहा छातीला, चार हातापायांना.
गार जेल, "हलू नका, बोलू नका",
मग गुलाबी चौकटींच्या कागदावर
सपाट, सपाट, जरा खाली, एकदम उंच,
पुन्हा सपाट.
पहिल्या वर्षी वाटायचं, माणूस एवढाच?
आता वाटतं, डबा कधी खायचा.

नूतन माझ्या वर्गातली. ती आकाशाचे आकडे मोजते.
परवा तिनं फोनवर एक आलेख धाडला:
ओळख, कुणाचा.
मी म्हटलं, बाईमाणूस, पन्नाशीची, ठोका फार संथ,
लगेच डॉक्टरला दाखवा.
ती हसली. तारा आहे गं. एक नव्हे, दोन.
ठोका बेचाळीस दिवसांनी एकदा.

म्हणाली, वाट लांबोडकी आहे त्यांची.
बरेच दिवस इतके दूर, की ओळख नसावी.
मग एका दिवसापुरते जवळून जातात,
आणि एकमेकांच्या ओढीनं
दोघांचाही गोल मोडतो, फुगवटा येतो,
त्यानं उजेड हलतो, हजारात एखादा भाग.
मी विचारलं, म्हणजे ग्रहण?
नाही, कुणी कुणाला झाकत नाही.
फक्त आकार बदलतो.

संध्याकाळी दिवाळ्याला गेले.
जेट्टीवर डिझेलचा वास, पलीकडे बेलापूरचे दिवे,
वर तारा म्हणावा असं काहीच नाही.
बा होडीच्या तळाला डांबर लावत होता.
त्याला सगळं सांगितलं.
त्याला घड्याळ लागत नाही,
अष्टमीचा भांग, पुनवेचं उधाण त्याच्या पोटऱ्यांना कळतं.
"पानी हाय का त्यांच्यान?"
नाही बा, सगळी आग.
"आगीला पन भरती येते?"
ब्रश डब्यात उभा करून तो बराच वेळ गप्प बसला.
"मंग ओहोटीला काय उघरं परतं?"

हे मी नूतनला विचारलेलं नाही.

आई ऐरोलीला भावाकडे असते, नऊ वर्षं झाली.
भांडण नाही, वकील नाही.
महिना-दीड महिन्यानं सुकट न्यायला येते.
बा आदल्या दिवशी दाढी करतो,
अंगणातली जाळी उचलून भिंतीला लावतो.
ती तासभर बसते,
पत्रा गळतोय म्हणते, चहात साखर जास्त म्हणते,
पिशवी उचलून बस पकडते.
नंतर तीन दिवस घर जागेवर येत नाही.
बा रात्री उठतो, टोप इकडचे तिकडे करतो,
रेडिओ लावतो, बंद करतो.

नूतन म्हणालीच होती,
जवळून गेल्यावर ते लगेच निवत नाहीत,
कित्येक दिवस घणघणत राहतात, देवळातल्या घंटेसारखे.
आणि लाखो वर्षांत ती लांबोडकी वाट
हळूहळू गोल होते.
अंतर कायम सारखं. ठोका नाही.
मी विचारलं, हे चांगलं की वाईट?
म्हणाली, मला आलेख काढता येत नाही एवढं खरं.

गुरुवारी बा मोतीबिंदूच्या आधीच्या तपासणीला आला.
तारा मीच लावल्या.
हलू नको बा, बोलू नको.
सपाट, उंच, सपाट. अडुसष्ट.
दार किलकिलं झालं.
आई, हातात औषधांची पिशवी,
भावानं सांगितलं म्हणून आले, म्हणाली,
कुणी काही विचारलं नव्हतं तरी.
बा हलला नाही. बोलला नाही.
कागद चालू होता.

फाइलला मी दहा मिनिटांनी दुसरा काढून लावला.
पहिला माझ्या पर्समध्ये आहे, घडी करून.
हा कागद उष्णतेवर छापतो,
शाई नसते त्यात. वर्षा-दोन वर्षांत
रेघ आपोआप उडून जाते.
झेरॉक्स काढून ठेवायला हवी.